बाविसावं बोट

बिगुल वाजला की आमच्या घरात भाकरी थापायला सुरुवात व्हायची. कॅम्पातला बिगुल, वाजवलेला सोल्जर लोकांसाठी, पण भिंगारमधल्या अर्ध्या बायका त्याच्यावरच उठायच्या. आमच्या खोल्या दीड, वर पत्रा. लांब रेंजवर फायरिंग सुरू झालं की पत्र्याच्या आढ्याला अडकवलेली पिठाची चाळण आपोआप टिणटिण करायची. आई म्हणायची, "बघा, सरकार पीठ चाळतंय आपलं." अण्णा, म्हणजे माझे वडील, कॅम्पात पाण्याच्या पंपावर होते. परमनंट. आमच्या घरात देव नव्हते, पण परमनंट हा शब्द होता, आणि त्याला रोज हात जोडले जायचे. अण्णांची एक गोष्ट मात्र मला लहानपणापासून जादूसारखी वाटायची. पंप बिघडायच्या आधी त्यांना कळायचं. लांब पेचकस घ्यायचे, टोक पंपाच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे. आजूबाजूला कितीही गोंधळ असो. मग डोळे उघडून एवढंच, "बेरिंग रडतंय." किंवा, "काय न्हाई." काय न्हाई म्हणजे सगळं ठीक. कौतुकसुद्धा ते त्याच दोन शब्दांत करायचे. दहावीचा माझा निकाल उलटासुलटा बघून म्हणाले होते, काय न्हाई.

आता हे मी मोबाईलवर टाईप करतोय, अंगठे पुढं पळतायत नि डोकं मागं राहतंय, तर आधी सफेदा म्हणजे काय ते सांगून टाकतो. सफेदा म्हणजे तेलात मळलेली पांढरी पेस्ट. तेव्हा पाईप लोखंडाचे. पाईपाच्या टोकाला डायनं आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळायचा, त्याच्यावर सफेदा फासायचा, मग एल्बो, म्हणजे पाईपाचं काटकोनी वळण, चढवून पान्यानं करकचून आवळायचा. हा झाला एक जॉईंट. आज माझ्या हाताखालची पोरं प्लास्टिकच्या पाईपाला सोल्यूशन लावतात, दाबतात, संपलं. हात घाण होत नाही. आमचे हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे. मला हे शिकवलं भिंगारच्या बाजारातल्या इब्राहिमचाचांनी. चाचांचा एक नियम होता, तो दुसऱ्या कुणाकडं मी आजपर्यंत पाहिला नाही. बोट पुसायला चिंधी घ्यायची नाही. जॉईंट पुरा आवळून झाला की सफेद्याचं बोट पॅन्टीवर एकदाच ओढायचं. एक जॉईंट, एक बोट. उभं राहून केला तर मांडीवर, बसून केला तर गुडघ्याखाली. संध्याकाळी लाईन मोजायची, पॅन्ट मोजायची. दोन्ही जुळलं तरच घरी जायचं. "दिमाग झूठ बोलता है बेटा," चाचा म्हणायचे, "पतलून नहीं बोलती."

चाचांना डोळ्यांनी दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी आपला डाय-सेट माझ्या मांडीवर आणून ठेवला. तो डाय-सेट घरात आला आणि मला झोप येईना. मी एकवीस वर्षांचा. दुसऱ्याच आठवड्यात मी पत्र्याचा बोर्ड रंगवून आणला. वर निळ्या अक्षरात प्लंबिंग वर्क्स, एका कोपऱ्यात नळ, नळातून तीन थेंब, खाली समोरच्या किराणावाल्याचा फोन नंबर, पुढं पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा. अण्णा ड्युटीवरून आले, सायकल टेकवली, बोर्ड वाचला.

"नळ गळका काढलाय," म्हणाले.

"पानी येतंय ते, अण्णा."

"बंद नळातून पानी येत न्हाई. आन् हा बंद हाय." खरंच, पेंटरनं चावी आडवी काढली होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी विषय मिटवूनच टाकला. कॅम्पात पंपावर रोजंदारीची एक जागा निघाली होती, साहेबाशी बोलणं झालं होतं, येत्या सोमवारी लागायचं. आज रोजंदारी, उद्या परमनंट. मी ताटातला बोंबील नुसता उलटा-सुलटा करत बसलो. आई मध्ये पडली. कर्जतकडच्या गुरुजींच्या घराचं काम मी आधीच घेतलं होतं. गुरुजी म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे मैतर, गावाकडं वस्तीवर स्लॅबचं घर बांधत होते. आई म्हणाली, "तेवढं काम तर करू द्या पोराला." अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "करू दे. रविवारी त्यांचा गृहप्रवेश हाय, आपुन सगळे जानार हावोत. नळ नीट चालला तर तुझा बोर्ड भिताडाला ठोकायला मी सोता हातोडी घेतो. एक थेंब जरी नको तिथं दिसला, तर सोमवारी सात वाजता माझ्या सायकलीवर मागं बसायचं. आन् ध्यानात ठेव, गुरुजीनं काम तुला दिलेलं न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून दिलंय."

तर हे असं होतं. सगळा धंदा एका घरावर.

गुरुजींचं घर वस्तीतलं पहिलं स्लॅबचं घर, आणि घरात नळ असलेलं तर पहिलंच. गुरुजींची आई तिथं होती, तिला अख्खी वस्ती बय म्हणायची. वाळलेल्या शेंगेसारखी म्हातारी, कानानं तल्लख, तोंडानं त्याहून. मी भिंतीला झिरी मारायला, म्हणजे पाईपासाठी खाच पाडायला, लागलो की ती दारात येऊन बसायची नि प्रश्न. हे कशापायी? पानी वरनं येनार का खालनं? रातचं पन येनार? कुनाला इचारावं लागनार न्हाई? बाथरूमच्या टाईल्स गुरुजी छातीपर्यंत लावणार होते, बयनं हट्ट करून डोक्याच्या वर नेल्या. "आता पानी घरात येतंय तर त्याला घर तरी बरं दिसू द्या," असं तिचं म्हणणं.

बुधवारी मी भिंतीच्या आतली सगळी लाईन एका दिवसात ओढली. बाथरूम आणि स्वैपाकघर मिळून बावीस जॉईंट. मी हवेत होतो. आवळतोय, बोट ओढतोय, पुढचा. आवळतोय, बोट ओढतोय. दुपारी बयनं हुलग्याचे शेंगोळे केले होते. तिनं आधी ताकाचा तांब्या आणून दारातूनच पुढं केला, मी घेतला, आणि ती कडाडली, "डाव्या हातानं? आरं अन्नपान्याला डावा हात लावत्यात व्हय रं?" मी हसलो, ताक प्यालो, हात धुऊन जेवायला बसलो. शेंगोळे असे झणझणीत की नाकातून पाणी. आणि जेवताना तिनं मला विहिरीचं सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. की लग्न होऊन आली तेव्हा गावच्या विहिरीवर हंडा खाली ठेवून बाजूला उभं राहायचं. कुणीतरी येईल, वरून ओतेल. कधी भर उन्हात दुपार व्हायची. "वतनाऱ्याच्या हाताकडं बघत ऱ्हायाचं," म्हणाली, "तोंडाकडं न्हाई बघायचं. तोंडाकडं बघितलं का पानी कमी पडायचं." मग एकदम माझ्या ताटात शेंगोळे वाढत म्हणाली, "रविवारी पयला नळ मी सोडनार. माझ्या हातानं. कुनी मदी यायचं न्हाई. तू पन न्हाई." मी उठलो तेव्हा माझं डोकं जड झालेलं. झपाटल्यासारखा पुढच्या जॉईंटला भिडलो नि संध्याकाळी लाईन पुरी करूनच थांबलो. एवढा खूश होतो की पॅन्ट मोजलीच नाही.

तुम्ही म्हणाल, टाईल्स लावायच्या आधी पाणी सोडून बघायचं ना. बरोबर आहे. नगरच्या एखाद्या कॉलनीत असतो तर बघितलंच असतं. पण ही कर्जतकडची वस्ती, तो दुष्काळी पट्टा. पाणी होतं कुठं? रविवारच्या कार्यक्रमासाठी एक टँकर सांगितलेला, तो शनिवारी संध्याकाळी येणार, हौदात रिकामा होणार, मोटरनं वरच्या टाकीत चढणार, आणि त्याच्यावर दोनशे माणसांचं जेवण निघणार. टेस्टिंगला पाणी वाया घालवायचं असं म्हटलं असतं तर लोकांनी मलाच हौदात टाकला असता. आमच्याकडं भिंत कोरडी बांधायची, लाईन कोरडी बुजवायची आणि भरवसा ओला ठेवायचा, असंच चालायचं. हनुमंत मिस्त्रीनं गुरुवारी वर सिमेंट मारलं, शुक्रवारी टाईल्स. मी तोवर बाहेरची, टाकीपासून खाली येणारी लाईन जोडली आणि शुक्रवारी संध्याकाळी एसटीनं भिंगारला परत.

शनिवारी सकाळी आई दारातल्या दगडावर माझी बुधवारची पॅन्ट घासत होती. सफेदा साबणानं जात नाही, रॉकेलचा बोळा लागतो, एकेक बोट वेगळं घासावं लागतं. मी उंबऱ्यात बसून चहात बटर बुडवत होतो. अण्णा ड्युटीवर गेलेले. आई स्वतःशीच पुटपुटत होती नि मध्येच म्हणाली, "एकवीस येळा घासलं बाई. माझीच बोटं सोलली. दुसरं कायतरी काम बघ बाबा, ज्यात कापडं तरी मळत न्हाईत."

मी हसलो. बटर तोंडात. आणि मग माझं हसणं तसंच तोंडात राहिलं.

"किती म्हनलीस?"

"एकवीस."

"नीट मोज."

"मोजायचं काय त्यात, हातानं घासलंय म्या. गुडघ्याखाली आठ, मांडीवर तेरा."

मी चहा खाली ठेवला. जमिनीवर बोटानं लाईन काढली. स्वैपाकघर, सिंक, बाथरूमचे दोन नळ. बसून केलेले, आठ. बरोबर. उभ्यानं केलेले, चौदा. परत मोजले. चौदा. तिसऱ्यांदा मोजले. चौदाच. एक बोट ओढलेलं नव्हतं, म्हणजे एक जॉईंट आवळलेला नव्हता. हातानं दोन आटे फिरवून नुसता अडकवलेला, ना ताग ना सफेदा, आणि आता तो सिमेंटच्या आत, टाईल्सच्या मागं. आणि संध्याकाळी टँकर.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तिला सांगितलं. तिला ताग-सफेदा काय कळत नव्हतं, पण दोनशे माणसं आणि एक टँकर कळत होतं.

मी म्हणालो, "पुसायचं इसरलं असंल नुसतं. जॉईंट आवळला असंल."

"असंल."

"आन् हातानं लावलेला पन टिकतो कवा कवा. गंज धरतो, आपोआप बसतो."

"कवा कवा."

"अण्णाला काय सांगू?"

आईनं पॅन्ट पिळली, कडकड पिळली, झटकली. "अण्णाचं मी बघते. तू हितं बसून मला काय सांगतोयस? मी हाय का ती भिंत?" आणि ती ओली पॅन्ट तिनं पिशवीत कोंबली, वर पाना टाकला, छिन्नी टाकली, पिशवी माझ्या छातीला लावली. "दहाची गाडी हाय."

त्या एसटीत मी जेवढं खोटं शिवलं तेवढं आयुष्यात कधी शिवलं नसेल. गुरुजींना काय सांगायचं? नळाचे वायसर बघायला आलो. चालेल. मग हळूच भिंतीला कान लावायचा, टाकीत पाणी चढलं की ऐकायचं, गळत असेल तर. गळत असेल तर काय? पाणी भिंतीतून खाली जोत्यात उतरणार, वर एक थेंब दिसणार नाही, आणि सकाळपर्यंत टाकी खाली. भंतेजी येणार, पांढऱ्या साड्या नेसून बाया येणार, बय नळ सोडणार आणि नळ नुसता सूं करणार. मिरजगावपर्यंत मला हेच दिसत होतं, तो सूं आवाज. शेजारी एक बाबा कोंबडी घेऊन बसलेला, म्हणाला, "पोटात दुखतंय का रं?" मी म्हणालो, व्हय. तेवढं मात्र खरं होतं.

वस्तीवर पोचलो तर मांडव चढत होता. बाया तांदूळ निवडत होत्या. गुरुजी खुर्चीवर उभे राहून दारावर पताका लावत होते. मला बघून खूश. "जयभीम, जयभीम! आज कसा काय?"

"वायसर बघायला आलो."

"लई काळजीचं पोरगं बाबा," गुरुजी बायांना म्हणाले. "बापावर गेलंय."

मी बाथरूममध्ये शिरलो. चार भिंती पांढऱ्याशुभ्र, डोक्याच्या वरपर्यंत, एक डाग नाही. हनुमंत मिस्त्री खाली बसून शेवटच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं भरत होता आणि ओल्या फडक्यानं टाईल्स अशा पुसत होता जसं बाळाचं तोंड. मी भिंतीला हात लावला. हिच्यात कुठंतरी. बाथरूममध्ये उभ्यानं केलेले नऊ, स्वैपाकघरात पाच. चौदा ठिकाणी फोडू? मी वायसर बघितल्यासारखं केलं, नळ फिरवला, परत फिरवला. आणि तेवढ्यात बय दारात आली. हात काळे-पिवळे, चिंच लागलेली. पितळी तांब्या घासत होती. तिनं तो मला दाखवला, उन्हासारखा चमकत होता. "पयल्या पान्याचा," म्हणाली. "बघ तरी, तोंड दिसतंय."

मी बघितलं. दिसलं. आणि मग मला जमलंच नाही. मी तिथंच, ओल्या फरशीवर, मिस्त्रीच्या पुढ्यात, बयला सांगितलं. गुरुजींना नाही, अण्णांना नाही, आधी तिला. "बय, माझा एक जॉईंट राह्यलाय. भिंतीत. कुठला ते आठवत न्हाई."

हनुमंत मिस्त्री उठून उभा राहिला. "टाईलीला हात लावशील तर हात मोडीन," तो म्हणाला. "मान मोडून काम केलंय. उद्या लोकं येनार, माझं नाव बघनार. तुझं काम भितीच्या आत, कुनाला दिसतंय? माझं वर हाय!" गुरुजी धावत आले, काय झालं, काय झालं. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटली. गुरुजींचा चेहरा पडला. फळ्यावरचं गणित चुकलेल्या पोराकडं बघावं तसं बघायला लागले. "नक्की राह्यलाय? का नुसती शंका?" मी पिशवीतून ओली पॅन्ट काढली. आता विचार करा, ऐन कार्याच्या घरात एक पोरगा रॉकेलच्या वासाची ओली पॅन्ट उलगडून शिक्षकाला दाखवतोय. "हिच्यावर एकवीसच बोटं हुती," म्हणालो. मिस्त्री खो खो हसायला लागला. "पॅन्ट बोलायला लागली का ह्याची?"

गुरुजी म्हणाले, "टँकर चार वाजता येतोय." बस. बाहेर मांडवाचा बांबू ठोकल्याचा आवाज, एवढाच.

बय मात्र उंबऱ्यात खाली बसली, तांब्या मांडीवर. "कवाचं गं बाई हे, बुधवारचं ना?" म्हणाली. "मंग शेंगोळ्याच्या टायमाला राह्यलं आसंल. त्याच्या आदी तू नीट हुतास. शेंगोळं खाऊन उठला तवा तुझं तोंड उतरलं हुतं. तवा माज्या बोलन्यानं तुझं ध्यान गेलं."

"पन तवा मी कुठला करत हुतो?"

"त्ये मला काय ठावं. पन मी ताक दिलं तवा तू डाव्या हातानं घेतलंस."

मी पॅन्ट ठेवून तिच्यासमोर खाली बसलो.

"मी बोललेव ना तुला? डाव्या हातानं कशापायी घेतलंस? तू काय डावरा न्हाईस, जेवताना बघितलं म्या. उजवा हात मोकळा नसंल तुझा."

उजवा हात मोकळा नव्हता. मी उठलो. दार डाव्या अंगाला येईल असा उभा राहिलो. बयला म्हणालो, तांब्या पुढं कर. तिनं केला. मी डावा हात लांबवला, आणि उजवा हात, शप्पथ सांगतो, उजवा हात आपोआप वर गेला. डोक्याच्या जरा वर, कोपऱ्यात. तिथं बाहेरून टाकीचा पाईप भिंत फोडून आत येतो. त्या तोंडावर मी एल्बो धरला होता. दोन आटे फिरवलेले, पडू नये म्हणून धरून ठेवलेला. ताक आलं म्हणून तसाच सोडला. टाकीतला प्रत्येक थेंब ज्याच्यातून येणार तो एल्बो.

"हितं," मी म्हणालो.

मिस्त्री म्हणाला, "आन् हितं नसंल तर?"

"तर मी उद्या सगळ्यांसमोर सांगनार, मिस्त्रीची टाईल मी फोडली."

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "तू न्हाई फोडायची. तुला फोडायला येत न्हाई. आजूबाजूच्या चार उडवशील. दे ती छिन्नी." आणि त्यानं स्वतःच्या हातानं, काल लावलेली स्वतःची टाईल, कडेकडेनं, हलक्या हातानं काढली. तरी ती मधोमध तडकलीच. मागचं सिमेंट अजून हिरवं, म्हणजे कच्चं, होतं. उकरलं. एल्बो दिसला. मी दोन बोटांनी धरला नि फिरवला. फिरला. घरातल्या पाण्याचं तोंड, दोन बोटांनी, बाटलीचं बूच फिरावं तसं. मिस्त्री हळूच म्हणाला, "आयला, पॅन्ट खरं बोलती."

मग बाहेरून पाईप सोडवला, ताग, सफेदा, आणि मिस्त्री बाहेरून एका पान्यानं पाईप फिरवतोय, आतून मी दुसऱ्या पान्यानं एल्बो धरलाय. दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी ओरडतोय. "आलं का?" "अजून अर्धा!" "मोडंल!" "न्हाई मोडत, दे!" शेवटी पाईप कुरकुरला आणि थांबला. मी सफेद्याचं बोट पॅन्टीवर ओढलं. अंगावरच्या चांगल्या पॅन्टीवर, उद्यासाठी इस्त्री केलेल्या. हरकत नाही. बावीस.

टाईलचं काय करायचं? पांढरी एकसुद्धा उरली नव्हती. नगरहून मोजून आणलेल्या. उरली होती फक्त स्वैपाकघरातली एक, द्राक्षांचा घड छापलेली. मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. "न्हानीत द्राक्षं? लोकं हसून मरतील." बय म्हणाली, "हसू द्या. रडन्यापरीस बरं." लागली द्राक्षं. चार वाजता टँकर आला.

रविवारी सकाळी अण्णा आणि आई पहिल्या गाडीनं आले. अण्णांच्या अंगावर पांढरा शर्ट, खिशात पेन. मी त्यांना सामोरा गेलो नाही. ते सरळ बाथरूमकडं गेले, दारात थांबले, नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या द्राक्षांवर थांबली. "हे हितं कसं?" गुरुजींना विचारलं. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. आई पदराला गाठ मारत होती. मग गुरुजींनी सांगितलं, सगळं, पॅन्टीसकट, ताकासकट. अण्णांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काहीच कळेना. मी त्या चेहऱ्याला ओळखत होतो, तो पंपाजवळचा चेहरा होता. पंप बंद करायचा की चालू ठेवायचा, ते अजून ठरायचं होतं.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. भंतेजींनी आशीर्वाद दिला. मग सगळी गर्दी बाथरूमकडं. दारात, खिडकीत, पोरं एकमेकांच्या खांद्यावर. बय पांढऱ्या साडीत, हातात पितळी तांब्या. तिनं खरंच कुणाला मध्ये येऊ दिलं नाही. गुरुजींनासुद्धा कोपरानं बाजूला सारलं. नळाखाली तांब्या धरला. चावीला हात घातला. उजवा.

नळानं आधी नुसती हवा टाकली. सूं. तोच आवाज, एसटीत ऐकलेला. मी गर्दीतून घुसलो, कोपऱ्यात जाऊन त्या द्राक्षांवर कान दाबला, डोळे मिटले. आत काय चाललंय? झिरपतंय? टपटपतंय? नळ खोकला, गुळगुळला, परत खोकला. मागं कुणीतरी बाई ओरडली, "आलं, आलं!" आणि तांब्यात पाणी पडायचा आवाज, आधी पातळ, मग जाड, मग टाळ्या, शिट्ट्या, पोरांचा कालवा. बयच्या तोंडाकडं त्या वेळेला अख्खी वस्ती बघत होती. लोक अजून सांगतात मला, ती कशी दिसत होती. एक म्हणतो हसत होती, एक म्हणतो रडत होती, हनुमंत मिस्त्री म्हणायचा की ती नळाकडं बघतच नव्हती, समोर जमलेल्या लोकांच्या तोंडाकडं बघत होती, एकेकाच्या, सरळ. मी नाही बघितलं. मी भिंतीला कान लावून उभा होतो आणि भिंतीत काहीच नव्हतं.

डोळे उघडले तर समोर अण्णा. त्याच कोपऱ्यात, दुसऱ्या बाजूच्या भिंतीला टेकलेले, खिशातलं पेन काढून टाईलला लावलेलं, पेनाचं मागचं टोक कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. त्यांनीही बयला बघितलं नाही. एवढ्या कालव्यात ते बराच वेळ तसेच उभे होते, नळ चालू होता तोवर. मग डोळे उघडले, पेन खिशात लावलं, माझ्याकडं बघितलं.

"काय न्हाई," म्हणाले.

सोमवारी सात वाजता अण्णा एकटेच सायकलीवर गेले. त्याच्या आधी, बिगुल वाजायच्या आधीच, बाहेर भिंतीवर ठोकाठोक सुरू झाली होती, आणि आई आतून ओरडत होती, "आवो, जरा हळू, चाळण पडंल!"